डिसेंबरात घराला कुलूप लावण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीत निम्मी सोसायटी गावाला जाते. उरलेली निम्मी नाताळात गोव्याला, कोकणात, नाहीतर मुलांकडे बंगळुरूला. पुण्याच्या एका उपनगरातल्या बेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर डिसेंबरात जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत अडवून लोकांनी जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

आठ दिवस बाहेर चाललोय. निघताना नेमकं काय काय बंद करायचं?

गॅसपासून सुरुवात करा. शेगडीचं बटण बंद केलं म्हणजे गॅस बंद झाला असं नाही. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळचा कॉक फिरवा.

मग पाणी. या बाबतीत आमची सोसायटी चांगलीच पोळली आहे. एका घरी वॉशिंग मशीनला पाणी देणारी नळी सुटली. घर बंद, माणसं केरळात. पाणी दाराखालून जिन्यात आलं तेव्हा कळलं, आणि तोवर खालच्या दोन घरांच्या छतांना पोपडे धरले होते. त्या रंगकामाच्या खर्चावरून झालेली भांडणं अजून पुरती मिटलेली नाहीत. तेव्हा घराला पाणी देणारा मेन कॉक कुठे आहे ते आत्ताच शोधून ठेवा. बहुतेक ठिकाणी तो बाथरूमच्या माळ्यावर किंवा डक्टमध्ये असतो आणि वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम झालेला असतो. निघायच्या दिवशी पकडीने जोर लावून तो तोडू नका, आठवडाभर आधी प्लंबरकडून सैल करून घ्या.

वीज शेवटी. फ्रिज रिकामा केला असेल तर मेन स्विच पाडा. नसेल केला तर फ्रिजचा एमसीबी तेवढा ठेवून बाकीचे पाडा. इन्व्हर्टर असलेल्यांनी मेन पाडण्याआधी इन्व्हर्टर बंद करावा. नाहीतर त्याला वाटतं वीज गेली, आणि तो तुमच्या रिकाम्या घराला बॅटरी संपेपर्यंत वीज पुरवत बसतो.

एक राहिलंच. देवाला दिवा लावून, नमस्कार करून निघायची आपली रीत आहे. तो दिवा निघायच्या तासभर आधी लावा आणि शांत झालेला बघून मगच दार ओढा. उदबत्तीचंही तेच.

कुलूप कुठल्या कंपनीचं घ्यावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. घरफोडीची बातमी वाचा, ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द ठरलेले. कुलूप शाबूत असतं. दोन हजारांचं कुलूप आपण चार आखूड स्क्रूंवर टांगलेल्या कोयंड्याला लावतो आणि मग एक कटावणी पुरते. सुताराला बोलवा, कोयंड्याला दाराच्या आरपार जाणारे नट-बोल्ट बसवून घ्या. सेफ्टी डोअर असेल तर त्याला आतल्या बाजूचं लॅच असू द्या. बाहेर लोंबणारं कुलूप लांबूनच सांगतं की आत कुणी नाही.

आणि किल्ली चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीत किंवा तुळशीच्या कुंडीखाली ठेवू नका. ही तीन ठिकाणं चोरांनाही पाठ आहेत.

हॉलमधला दिवा लावून गेलं तर चालेल ना?

रात्री आठला चालेल. दुपारी बारालाही तोच दिवा जळताना दिसला की टेहळणी करणाऱ्याला हवं ते कळतं. ठरावीक वेळेला दिवा लावणारा-विझवणारा टायमर प्लग मिळतो, तो बरा.

पण दिव्यापेक्षा उंबऱ्याबाहेर बघा. कडीला अडकवलेली दुधाची पिशवी, दारात साठलेले पेपर, कुरिअरवाल्याने टेकवलेला खोका, दोऱ्यांवर चार दिवस वाळणारे तेच कपडे. दूध आणि पेपर बंद करा, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू परत आल्यावर मागवा. आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकू आम्ही बाहेर असलो की रोज सकाळी आमच्या उंबऱ्यावरही रांगोळीची चार बोटं ओढतात. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. एवढा स्वस्त आणि बिनचूक उपाय कुठल्या दुकानात मिळणार नाही.

शेजाऱ्यांना किल्ली द्यावी का? उद्या काही झालं तर संबंध बिघडतात.

द्यावी. संबंध किल्ली दिल्याने बिघडत नाहीत, अर्धवट बोलण्याने बिघडतात. किल्ली देताना सरळ सांगा: आत रोख नाही, दागिने नाहीत, पाणी गळलं किंवा जळका वास आला तर न विचारता दार उघडा. कपाटं कुलूपबंद ठेवा, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखं होत नाही. तुमचा फोन लागला नाही तर दुसरा कुणाचा लावायचा तेही लिहून द्या. तो नंबर तुमच्याबरोबर प्रवासात नसलेल्या माणसाचा असावा. घाटात सगळ्यांचीच रेंज एकदम जाते.

बंद घर चोरापासून वाचवण्याचा हा मार्ग आहेच. पण माझ्या नऊ वर्षांत बंद घराचं नुकसान चोरापेक्षा पाण्याने आणि शॉर्टसर्किटने जास्त झालं आहे, आणि दोन्ही वेळा किल्ली गावाला गेलेली होती.

वॉचमनला आणि पोलिसांना सांगून जायचं का?

सोसायटीच्या नोंदवहीत तारखा लिहा, वही कमिटीकडे असते. गेटवरच्या उघड्या रजिस्टरवर लिहू नका, ते येणारा-जाणारा प्रत्येक डिलिव्हरीवाला चाळतो. पंधरा दिवसांहून जास्त जाणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात साधा अर्ज देऊन पोच घ्या. गस्तीवरच्या बीट मार्शलना पत्ता माहीत असला तर फरक पडतो.

फोटो टाकल्याने खरंच चोरी होते का?

विमानतळावरच्या सेल्फीने कुणी कडी तोडत नाही. पण तुमच्या स्टेटसवर दूधवाला, इस्त्रीवाला, जुना भाडेकरू, त्याचा मित्र असे सगळे असतात. परत आल्यावर टाका. समुद्र तेव्हाही तितकाच निळा दिसतो.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले की निर्धास्त?

घरापेक्षा नक्कीच. निर्धास्त मात्र नाही.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, दागिने लॉकरमधून बाहेर येतात आणि ‘पुढच्या लग्नाला लागतीलच’ म्हणून कपाटातच राहतात. त्यातच नाताळची सुट्टी येते. दुसरा आणि चौथा शनिवार, रविवार आणि २५ डिसेंबर धरून बँक कधी उघडी आहे ते आधी बघा आणि निघायच्या आठवडाभर आधी दागिने परत ठेवून या.

आता जबाबदारीचं. रिझर्व्ह बँकेचे लॉकरबद्दलचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं ३,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यावर ३ लाखांत किती तोळे बसतात, ते तुम्हीच मोजा. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी तर बँकेवर येतच नाही, तिचा हलगर्जीपणा असल्याशिवाय. जास्त सोनं असेल तर त्याचा वेगळा विमा घ्या. प्रत्येक दागिन्याचा फोटो, पावती आणि हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक एका जागी ठेवा. लॉकरला वारस लावला आहे का, तेही त्याच फेरीत विचारून या.

घराचा विमा आहे. चोरी त्यात येते ना?

बहुतेकांचा इथे गैरसमज असतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, पूर, वादळ, टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. चोरी मात्र त्यात एवढीच येते: अशा एखाद्या आपत्तीमुळे, तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली. म्हणजे आग लागून दार फुटलं आणि त्यातून कुणी टीव्ही उचलला, तर भरपाई. कुणी शांतपणे कोयंडा उचकटून आत शिरलं, तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घेताना घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं, ती ओळ शोधून वाचा. गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा नक्की कशाचा आहे, तेही याच निमित्ताने उघडून बघा. कधीकधी तो घराचा नसतोच, कर्ज घेणाऱ्याच्या आयुष्याचा असतो.

थंडीत गॅस गिझर वापरणं धोक्याचं आहे का?

हो, आणि याबद्दल मी कुणाला खजील वाटलं तरी बोलते. पुण्या-नाशिकची थंडी पडली की बाथरूमची खिडकी लावून, फटीत टॉवेल कोंबून लोक अंघोळीला शिरतात. आत गिझर जळत असतो. बंद जागेतला प्राणवायू कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. आधी डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि कडी काढायचंही सुचत नाही. आतून पाण्याचा आवाज येत राहतो, म्हणून बाहेरच्यांना शंका येत नाही.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या. तोवर निदान एवढं करा: खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मग अंघोळीला जा. मुलं आणि म्हातारी माणसं अंघोळीला गेली की दाराला आतून कडी नको.

सुट्टीला गेलेल्यांसाठीही हेच. महाबळेश्वरला किंवा गावच्या घरी थंडी वाजते म्हणून कोळशाची पेटती शेगडी खोलीत ठेवून दारं लावून झोपणं म्हणजे तोच वायू हाताने आत आणणं. शेकोटी अंगणात करा. होमस्टे ठरवताना गरम पाण्याची सोय कशाची आहे हा प्रश्न फोनवरच विचारा. मी विचारते, मालक हसतात, हसू देत.

गॅसचा वास आला तर?

दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, घरातून बाहेर या आणि बाहेर आल्यावर १९०६ या सिलिंडरच्या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका असतो, वर जातो.

अधिकृत कनेक्शन असलेल्या ग्राहकांचा तेल कंपन्यांनी काढलेला अपघात विमा असतो, त्यासाठी वेगळा हप्ता नसतो. अपघात झाला तर वितरकाला लगेच लेखी कळवा. शेगडी, नळी, रेग्युलेटर प्रमाणित असणं यात महत्त्वाचं ठरतं. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. ती वाचता येत नसेल इतकी चिकट झाली असेल, तर बदलायची वेळ झालीच.

सुट्टीचा खर्च दरवर्षी अंदाजाबाहेर का जातो?

कारण आपण तिकीट आणि हॉटेल धरतो आणि जानेवारी धरत नाही. परत येताच शाळेच्या फीचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, कुणाचातरी विम्याचा हप्ता आणि लग्नाचे दोन आहेर. माझा हिशेब जुन्या पद्धतीचा आहे. आदल्या डिसेंबरातच बारा महिन्यांचं आवर्ती ठेव खातं उघडायचं. महिना ४,००० टाकले तरी डिसेंबरात व्याजासकट पन्नास हजारांच्या आसपास हातात येतात आणि सुट्टी तेवढ्यातच बसवायची. न बसली तर गोव्याऐवजी दिवेआगर.

क्रेडिट कार्डावर सहल करणाऱ्यांना एकच सांगणं. बिलावर मोठ्या अक्षरात छापलेली ‘किमान रक्कम’ भरलीत तर दंड टळतो, व्याज टळत नाही. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. गावातला सावकार बरा म्हणायची वेळ.

जायच्या गडबडीत विसरल्या जाणाऱ्या दोन तारखा: १५ डिसेंबर हा आगाऊ कराच्या तिसऱ्या हप्त्याचा दिवस. ३१ डिसेंबर ही राहून गेलेलं विवरणपत्र उशिराचं शुल्क देऊन भरण्याची शेवटची तारीख, शुल्क ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. गेल्या वर्षी आमच्याकडचे एक गृहस्थ ३१ तारखेच्या रात्री कळंगुटच्या किनाऱ्यावर उभे राहून मुलाच्या फोनवर ओटीपी शोधत होते.

अडीअडचणीचा पैसा कुठे ठेवावा?

तीन-चार महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत मिळतात. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पतसंस्थेला नाही. ‘आमच्या ओळखीची पतसंस्था आहे, एक टक्का जास्त देते’ असं सांगणाऱ्यांना मी हेच वाक्य ऐकवते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. सणासुदीच्या तोंडावर लोक शाखांसमोर उभे होते. म्हणून दोन वेगळ्या बँकांत खाती असावीत, आणि दोन्हींची माहिती नवरा-बायको दोघांनाही असावी. आमच्याकडे एका वहिनींना नवऱ्याच्या आजारपणात घरचा पैसा कुठल्या बँकेत आहे हेच माहीत नव्हतं. त्या शिकलेल्या आहेत, नोकरी करतात. विचारायचं राहून गेलं होतं, इतकंच.

सुट्टीत फसवणूक कशी होते?

माझ्या नणंदेची गोष्ट सांगते. अलिबागजवळचा बंगला, फोटो सुंदर, दर निम्मा. ‘आज अर्धे भरा, तीन कुटुंबं विचारतायत.’ तिने १८,००० पाठवले. तिथे पोचल्यावर बंगला होता, मालकही होता, पण त्याला या बुकिंगचा पत्ता नव्हता. फोटो कुणीतरी उचलून आपल्या नंबरासकट टाकले होते. पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, नकाशावरून शोधलेल्या वेगळ्या नंबरावर फोन करा, आणि पैसे कुणाच्या नावावर जाणार आहेत ते पडद्यावर वाचा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. व्हॉट्सॲपवर ‘चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका, पत्रिका कधी एपीके नसते. ‘आज रात्री वीज तोडणार’ हा मेसेज खोटा असतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० ला, फोन करा आणि बँकेला कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा.

आई-बाबा घरीच राहणार आहेत. त्यांच्यासाठी काय करावं?

औषधं परतीच्या तारखेपेक्षा आठ दिवस जास्त आणून ठेवा. ११२ हा आणीबाणीचा नंबर त्यांच्या फोनवर आहे, असं समजू नका. भिंतीवर, मोठ्या अक्षरात, डॉक्टर आणि शेजाऱ्यांच्या नंबरासह लावा.

आणि त्यांच्याशी एकदा बसून बोला: पोलीस किंवा सीबीआय कुणालाही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही. पोलीस असल्याचं भासवून अशी धमकी देणारे भामटे सगळ्यात आधी ‘घरात कुणाला सांगू नका’ असं बजावतात. म्हणून घरात आधीच ठरवा, की असा फोन आला तर लगेच सांगायचं, आणि आपण रागावणार नाही. ही दुसरी अट पोटात शिरल्याशिवाय पहिली पाळली जात नाही.

रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना प्रवास विमा घ्यावा का?

४५ पैशांत मृत्यूसाठी १० लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, घ्या. तिकिटानंतर एक लिंक येते, तीत वारसाचं नाव भरायचं असतं. ते भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

परत आलो आणि दार उघडं दिसलं तर?

आत जाऊ नका. चोर आत असू शकतो, आणि नसला तरी त्याचे ठसे असतात. ११२ ला फोन करा. तुम्ही अजून बाहेरगावीच असाल आणि शेजाऱ्यांनी कळवलं असेल, तर तक्रार ऑनलाइन पाठवता येते, तीन दिवसांत सही करावी लागते. हद्दीचं कारण सांगून कुठल्याही ठाण्याला गुन्हा नोंदवणं नाकारता येत नाही. पंचनाम्यात प्रत्येक वस्तू लिहून घ्या, विमा कंपनी त्यावरच चालते. चेकबुक, पासपोर्ट गेलं असेल तर तेही.

आणि सगळं ठीक असेल तर?

दिवा लावायच्या आधी खिडक्या उघडा, वास घ्या. पाण्याचा कॉक हळूहळू उघडा, पहिलं लालसर पाणी वाहू द्या. गिझर पाणी चढल्यावरच लावा. मग गोव्याची पिशवी उघडून शेजारी काजू द्या. आमच्या मजल्यावर बेबिंका जास्त चालते, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. किल्ली परत मागायची गरज नाही, मार्चमध्ये शिमग्याला पुन्हा जायचंच आहे.